शनिवारवाड्यातला खरा तपास

पौर्णिमेच्या रात्री शनिवारवाड्यातून ‘काका, मला वाचवा’ अशी हाक येते, हे आपण सर्वांनीच मधल्या सुट्टीत ऐकलेले आहे. आता हौशी तरुण यंत्रे घेऊन त्या हाकेमागे लागतात. माझा भाचा त्यांतलाच एक. त्याच्या शंकांना उत्तरे द्यायची म्हणून मी पुन्हा इतिहासाची पुस्तके उघडली. वर्गमित्रांना आणि गुरुजनांना त्यात रस वाटेल, म्हणून थोडे लिहितो.

हा छंद जुना आहे. इंग्लंडमध्ये हॅरी प्राइस यांनी १९३७ साली बोर्ली रेक्टरी हे ‘झपाटलेले’ घर वर्षभरासाठी भाड्याने घेतले, वृत्तपत्रात जाहिरात देऊन निरीक्षक जमवले आणि त्यांना लेखी सूचना दिल्या. आजच्या मुलांकडे चुंबकीय क्षेत्र मोजणारे मीटर आणि ध्वनिमुद्रक असतात. पण मीटरची सुई विजेच्या तारेजवळही हलते. मुद्रित खरखरीत शब्द शोधू लागलो, की कान ते शब्द जुळवून देतो; आणि कोणते शब्द ऐकायचे हे तर पुणेकराला आधीच पाठ असते!

आता इतिहास पाहू. नारायणराव पेशव्यांचा खून ३० ऑगस्ट १७७३ रोजी झाला. तिथी भाद्रपद शुद्ध त्रयोदशी, म्हणजे पौर्णिमा नव्हे. वेळही मध्यरात्रीची नव्हे, भर दुपारची. थकलेल्या पगाराचे निमित्त करून गारदी वाड्यात घुसले. अठरा वर्षांचा पेशवा धावत जाऊन नजरकैदेतल्या रघुनाथरावांना बिलगला आणि तिथेच मारला गेला. पुढे १८२८ च्या आगीत आतले लाकडी महाल जळाले. आज उरले आहेत तट, दरवाजे आणि जोती. ज्या दालनांत हे घडले ती दालनेच नाहीत. मीटर फिरतो तो मोकळ्या जागेत.

मला खंत वाटते ती वेगळीच. त्या दुपारी पेशवा एकटाच मेला नाही. धन्याला वाचवताना चापाजी टिळेकर हा सेवक ठार झाला, इच्छारामपंत ढेरेही मारले गेले. त्यांची हाक ऐकायला कोणी जात नाही. भुताच्या गोष्टीत एकच आवाज मावतो, बाकीचे गळून जातात.

आणि या खुनाचा तपास तेव्हाच झाला होता. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी केली, रघुनाथरावांना दोषी ठरवले आणि सत्तेवर बसलेल्या माणसाला ते तोंडावर सांगितले. ‘ध’ चा ‘मा’ कोणी केला याची आख्यायिका घरोघरी पोचली. त्या चौकशीची शिस्त मात्र तितकी पोचली नाही.

भाच्याला मी एवढेच सुचवले, की वाड्यात दुपारी जा, हातात मीटरऐवजी वाड्याचा जुना नकाशा घे, आणि कोण कुठून आले, कोण कुठे पडले ते जोत्यांवर चालून पाहा. तो गेला. परत आल्यावर त्याचा पहिला प्रश्न होता, “मामा, चापाजीच्या घरच्यांचं पुढे काय झालं?”

भुताविषयी त्याने काही विचारले नाही.