त्रिकोणांचा नकाशा

विल्यम लॅम्बटनने 1802 मध्ये मद्रासहून त्रिकोणांच्या साखळीने देश मोजायला घेतला. 1823 मध्ये हैदराबादहून नागपूरला येताना तो वाटेतच, हिंगणघाटला वारला. त्याचं थडगं तिथेच आहे.

मेंदूही जागेवर त्रिकोणांची जाळी पसरतो, हे कळायला बराच काळ गेला. 1971 मध्ये जॉन ओकीफ यांना उंदराच्या हिप्पोकॅम्पसमध्ये ठरावीक जागीच चेतणाऱ्या पेशी सापडल्या. 2005 मध्ये मोसर दाम्पत्याने शेजारच्या एंटोऱ्हायनल कॉर्टेक्समधल्या 'ग्रिड सेल' जगापुढे आणल्या. उंदीर फिरताना अशी एक पेशी जिथे जिथे चेतते, ते बिंदू जोडले की समभुज त्रिकोण दिसतात. 2014 चं नोबेल या तिघांना मिळालं.

मी सॉफ्टवेअरवाला, नकाशा म्हणजे फोनमधली गोष्ट, एवढंच माझं ज्ञान. माझे आजोबा चाळीस वर्षं महालातून सीताबर्डीला सायकलने गेले. मागच्या वर्षी झिरो माइलपाशी उभे राहून ते घराचा रस्ता विचारत होते. निदान झालं अल्झायमरचं. हा आजार बहुधा त्याच एंटोऱ्हायनल भागात आधी शिरतो. आजोबांना आमची नावं आठवत होती. रस्ता आधी गेला.

आता संध्याकाळी आम्ही दोघं पायी निघतो. वळण आलं की मी थांबतो. आधी त्यांना सांगू देतो.