व्हूपिंग क्रेन: रानात परतलेला क्रौंच

व्हूपिंग क्रेन हा उत्तर अमेरिकेतला सर्वांत उंच पक्षी. पांढराशुभ्र, काळ्या पंखटोकांचा, तांबड्या माथ्याचा हा क्रौंच सुमारे दीड मीटर उंच असतो. बेसुमार शिकार झाली, शेतीसाठी पाणथळी आटवल्या गेल्या आणि १९४१ मध्ये रानात जेमतेम २१-२२ पक्षी उरले. लुइझियानातला छोटा स्थायिक कळप पुढे संपलाच. उरलेले पक्षी हिवाळ्यात टेक्सासच्या किनाऱ्यावर अरान्सासला उतरत. तिथे १९३७ मध्ये अभयारण्य झाले होते. पण त्यांची वीण कुठे होते, हे कुणालाच ठाऊक नव्हते. १९५४ मध्ये कॅनडाच्या वुड बफेलो राष्ट्रीय उद्यानात वणव्याच्या कामावरच्या हेलिकॉप्टरमधून हे पक्षी दिसले आणि शोध संपला.

मादी बहुधा दोन अंडी घालते, पण जगते सहसा एकच पिल्लू. म्हणून १९६७ पासून एकेक अंडे उचलून मेरीलँडच्या पटक्सेंट संशोधन केंद्रात उबवले जाऊ लागले. बंदिस्त कळप वाढला. खरी अडचण पुढची होती: स्थलांतराची वाट आणि स्वजातीची ओळख पिल्लू मोठ्यांच्या सहवासातच शिकते.

१९७५ मध्ये आयडाहोतील ग्रेज लेक येथे सँडहिल क्रेन या दुसऱ्या जातीच्या क्रौंचांच्या घरट्यांत व्हूपिंग क्रेनची अंडी ठेवली गेली. पालक पक्ष्यांनी पिल्ले प्रेमाने वाढवली, स्थलांतरही शिकवले. मात्र ती स्वतःला सँडहिलच समजू लागली. आपल्या जातीत एकही जोडी जमली नाही. माणसाच्या हाताखाली वाढलेली टेक्स ही मादी तर माणसालाच आपल्या जातीचा समजू लागली. तिने अंडे घालावे म्हणून क्रौंचांचे अभ्यासक जॉर्ज आर्चिबाल्ड अनेक वसंत तिच्यासमोर क्रौंचांचे प्रणयनृत्य करत राहिले. कृत्रिम रेतनानंतर १९८२ मध्ये तिचे एक पिल्लू जगले. एका वंशासाठी एवढी चिकाटी विरळाच.

पुढे पिल्लांना माणसाचा चेहरा आणि आवाज कळूच द्यायचा नाही, असे ठरले. सांभाळणारे पांढरा झगा घालत आणि हातातल्या क्रौंचमुखी बाहुलीने भरवत. फ्लोरिडात १९९३ पासून सोडलेला स्थायिक कळप टिकला नाही. २००१ मध्ये विस्कॉन्सिनच्या नेसीडाहून फ्लोरिडापर्यंत हलक्या विमानामागून पिल्ले उडवत नेली. पुढच्या वसंतात ती आपली आपण परतली. वाट शिकवता येते, हे सिद्ध झाले. पिल्ले वाढवणे मात्र शिकवता आले नाही. काळ्या माश्यांच्या झुंडींनी पक्षी घरटी सोडून जात, अंड्यातून बाहेर आलेली पिल्लेही फारशी जगत नसत. कृत्रिम संगोपनच त्याला कारणीभूत असावे, या शंकेने २०१६ मध्ये विमानाचा प्रयोग थांबला. पिल्ले प्रौढ क्रौंचांकडेच वाढवण्यावर भर आला.

लुइझियानात २०११ पासून नवा कळप सोडला जात आहे. २०१६ मध्ये तिथे १९३९ नंतर प्रथमच रानात पिल्लू जन्मले. अरान्सास आणि वुड बफेलोमधल्या ज्या मूळ कळपाला माणसाने वाट शिकवली नाही, तो मात्र संरक्षणाच्या बळावर पाचशेच्या पुढे गेला. त्याचे हिवाळी अन्न म्हणजे प्रामुख्याने निळे खेकडे. ते ग्वाडालूप नदीच्या गोड्या पाण्यावर अवलंबून आहेत, म्हणून त्या पाण्याचे वाटप हा आता संवर्धनाचा एक मोठा प्रश्न आहे.