काट्यावरचं मीठ

ताप आठवडाभर उतरला नाही की आपल्याकडे डॉक्टर एक चाचणी हमखास लिहून देतात. विडाल, टायफॉईडची. ज्याच्या नावाने ती ओळखली जाते तो फर्नांड विडाल पॅरिसमधला डॉक्टर. चाचणी १८९६ ची. पण याच विडालने १९०३ मध्ये आणखी एक काम केलं, आणि वजन कमी करायला निघालेल्या प्रत्येकाला ते माहीत असायला हवं असं मला वाटतं.

मूत्रपिंडाच्या विकाराने अंगावर सूज येणाऱ्या रुग्णांना त्या काळी फक्त दुधावर ठेवत. मांस वर्ज्य. विडाल आणि त्याचा सहकारी जावाल यांनी अशा रुग्णाचा आहार आलटूनपालटून बदलला आणि त्याला नेमाने काट्यावर उभं केलं. दुधाच्या जोडीला मीठ दिलं की वजन वाढायचं, सूज यायची. मीठ काढून मांस आणि बटाटे दिले की वजन उतरायचं, सूज ओसरायची. म्हणजे दोष मांसाचा नव्हताच. आणि सूज डोळ्यांना दिसायच्या आधीच अंगात साठलेलं पाणी काटा दाखवतो, हेही त्यातून कळलं.

यामागचं गणित सलाईनच्या बाटलीवर छापलेलं असतं : ०.९ टक्के, म्हणजे लिटरमागे ९ ग्रॅम मीठ. आपल्या रक्तातला खारटपणा शरीर साधारण याच पातळीला धरून ठेवतं. जास्तीचं मीठ आत आलं की तहान लागते, लघवीवाटे जाणारं पाणी कमी होतं, आणि मूत्रपिंडं ते मीठ बाहेर टाकेपर्यंत पाणी मुक्कामाला राहतं. नऊ ग्रॅम मीठ तसंच अडकून राहिलं तर जवळपास एक लिटर पाणी, म्हणजे काट्यावर एक किलो.

मी गेले आठ महिने वजन उतरवते आहे आणि रोज सकाळचा आकडा शीटमध्ये भरते. कोडिंग करणाऱ्या माणसाला आलेखात काटेरी उसळ्या दिसल्या की चैन पडत नाही. माझ्या बहुतेक उसळ्या सोमवारच्या आहेत. रविवारी मिसळ, वर दोनदा रस्सा, संध्याकाळी फरसाण, आणि सोमवारी काटा एक किलो वर. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७७०० कॅलरी. एवढ्या कॅलरी त्या मिसळीत नव्हत्या. मीठ मात्र होतं. बुधवारपर्यंत आकडा आपोआप खाली येतो. उलट बाजूनेही हेच. ‘पहिल्याच आठवड्यात तीन किलो’ म्हणणाऱ्या जाहिरातींमधला मोठा वाटा पाण्याचा असतो.

मग मीठ कमी करण्यात अर्थ काय, चरबी तर त्याने जळत नाही? याचं उत्तर वॉल्टर केम्पनरच्या गोष्टीत आहे. हा बर्लिनचा ज्यू डॉक्टर. नाझी सत्तेवर आल्यावर जर्मनी सोडून १९३४ मध्ये अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलिनातल्या ड्यूक विद्यापीठात आला. त्या काळी अतिरक्तदाबावर धड औषधच नव्हतं. तीव्र स्वरूपाचा रक्तदाब म्हणजे काही महिन्यांचा सोबती. केम्पनरने १९३९ पासून अशा रुग्णांना एक विचित्र आहार द्यायला सुरुवात केली : पांढरा भात, फळं, फळांचे रस आणि साखर. दिवसाला प्रथिनं जेमतेम २० ग्रॅम, आणि सोडियम सुमारे १५० मिलिग्रॅम, म्हणजे पाव चमच्याहूनही कमी मीठ.

१९४२ मध्ये त्याने एका ३३ वर्षांच्या बाईला हा आहार सुरू करून दोन आठवड्यांनी यायला सांगितलं. त्याचे जर्मन वळणाचे उच्चार तिला नीट कळले नाहीत. ती आली दोन महिन्यांनी. एवढे दिवस कुणाला या आहारावर ठेवायची केम्पनरची स्वतःची हिंमत झाली नसती. तिचा रक्तदाब १९०/१२० वरून १२४/८४ वर आला होता. डोळ्यांच्या पडद्यावरचा रक्तस्राव नाहीसा झाला होता, वाढलेलं हृदय लहान झालं होतं. १९४४ मध्ये त्याने शिकागोच्या वैद्यकीय अधिवेशनात आपल्या रुग्णांच्या नोंदी मांडल्या, तेव्हा अनेकांना ते खरंच वाटेना.

गंमत अशी की गुण येण्याचं कारण केम्पनर प्रथिनं कमी करण्यात शोधत होता. मिठाकडे बोट दाखवलं ते इतरांनी केलेल्या प्रयोगांनी. स्वतः केम्पनर मात्र रुग्णांची लघवी तपासून कुणी चोरून मीठ खाल्लं ते पकडायचा. पुढे लठ्ठ माणसं त्याच्याकडे रांगा लावू लागली. १९७५ मध्ये त्याने किमान ४५ किलो वजन उतरवलेल्या १०६ जणांचा अभ्यास छापला. सरासरी घट जवळपास ६४ किलो. आकडा थक्क करणारा आहे, पण निवडच ४५ किलो उतरवणाऱ्यांची होती. जे मध्येच पळून गेले ते त्या तक्त्यात नाहीत. पळून जावं असं वातावरणही होतं : आहार मोडणाऱ्या काही रुग्णांना आपण चाबकाने मारल्याचं केम्पनरने पुढे स्वतःच मान्य केलं. ज्याने मिठाचा प्रश्न ऐरणीवर आणला त्याच्याबद्दल मला आदर वाटतो, पण प्रेम वाटत नाही.

मिठाचा त्रास सगळ्यांना सारखा होत नाही, हेही नंतर स्पष्ट झालं. लुईस डाल या अमेरिकन संशोधकाने १९६२ मध्ये निवडक पैदाशीतून उंदरांचे दोन वंश तयार केले. त्याच खारट खाण्यावर एकाचा रक्तदाब चढायचा, दुसऱ्याचा नाही. आमच्या घरात मी बहुधा दुसऱ्या वंशातली आणि बाबा पहिल्या. ते गेली सहा वर्षं बीपीची गोळी घेतात. म्हणजे माझ्यासाठी मीठ हा आलेखातला गोंधळ आहे, त्यांच्यासाठी नाही. भाजी मात्र एकाच कढईत होते.

अमेरिकेत बहुतेक मीठ पाव, सूप, पाकिटातल्या खाण्यातून येतं. आपल्याकडे ते मुख्यतः आपल्याच हाताने पडतं. त्यामुळे मोजायलाही सोपं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा माणशी दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चहाचा चमचा. चार माणसांचे २० ग्रॅम. एक किलोची पुडी ५० दिवस जायला हवी. आमची महिन्यात संपायची. माणशी आठ ग्रॅमच्या वर झालं, आणि यात पापड, लोणचं, वेफर्स धरलेले नाहीत.

आई म्हणाली, “अगं, अळणी जेवण कोण जेवणार?” तिचं खरं आहे, अळणी हा शब्दच आपल्याकडे नावं ठेवायला वापरतात. पण चव काही आठवड्यांत सरावते. एकदम नको, थोडं थोडं कमी करत जायचं. कणकेत मीठ बंद, ताटात वाढायचं मीठ बंद, आमटीत कोकम वाढवायचं. चीनमध्ये ६०० गावांत सुमारे २१ हजार लोकांवर केलेल्या आणि २०२१ मध्ये छापून आलेल्या अभ्यासात पाव हिस्सा पोटॅशियम असलेलं मीठ वापरणाऱ्यांमध्ये पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी झाले. बाबांसाठी ते आणायचा विचार होता, पण मूत्रपिंडाचा विकार असेल किंवा बीपीच्या काही ठरावीक गोळ्या चालू असतील तर जास्तीचं पोटॅशियम धोक्याचं ठरतं, म्हणून आधी डॉक्टरांना विचारायचं ठरलं आहे.

तोवर पुडीवर ती उघडल्याची तारीख मार्करने लिहिते. मागची ३९ दिवस गेली. आत्ताची काल उघडली आहे.