कीर्तनांतील सात्त्विक भाव व त्यांची लेखी साक्ष

जुनीं बाडें व चरित्रपोथ्या चाळीत असतां एक उल्लेख वारंवार नजरेस येतो. कथा रंगास आली, वक्त्याचा कंठ सद्गदित झाला, श्रोत्यांच्या अंगावर रोमांच उभे राहिले, नेत्रांतून प्रेमाश्रु वाहूं लागले, आणि अष्ट सात्त्विक भावांनीं सभा भरून गेली. हा उल्लेख इतका ठराविक आहे कीं, अभ्यासकाची नजर त्यावरून सहज घसरून पुढील सनावळीकडे जाते. तिथि, गांव, इनाम, वंशावळ एवढें टिपून घ्यावें आणि मधला भाव कवीच्या पदरीं टाकावा, अशीच आमचीही दीर्घकाळ वहिवाट होती. परंतु बहिणाबाईचें आत्मवृत्त पुनः एकवार सावकाश वाचल्यावर ती वहिवाट आम्हांस मोडावी लागली. हें वर्णन साक्ष म्हणून घ्यावें कीं अलंकार म्हणून सोडून द्यावें, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाहीं. संतांनीं स्वतःविषयीं जें थोडेंबहुत लिहून ठेविलें आहे त्यांतील पुष्कळसा मजकूर अशा भावावस्थेविषयींच आहे. तो वगळला तर हातीं फारच थोडें उरतें. सगळाच प्रमाण धरला तर संशोधनास कामच राहत नाहीं.

प्रथम या यादीचें मूळ पाहूं. स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभेद, वेपथु, वैवर्ण्य, अश्रु आणि प्रलय हे आठ भाव भरताच्या नाट्यशास्त्रांतले. तेथें त्यांचा संबंध देवाशीं नसून नटाशीं आहे. मन एकाग्र झाल्याखेरीज खरा अश्रु येत नाहीं, म्हणून हे भाव सत्त्वापासून उपजणारे, असें भरताचें म्हणणें. म्हणजे खऱ्याखोट्याचा वाद या यादीस जन्मापासूनच चिकटलेला आहे! पुढें श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधांत भक्ताचें हसणें, रडणें, गाणें, नाचणें हें सर्व लोकबाह्य वर्तन म्हणून वर्णिलें गेलें, आणि रोमांच व आनंदाश्रु यांवांचून भक्ति कशी ओळखावी, असा प्रश्न प्रत्यक्ष भगवंताच्या मुखीं घातला गेला. याच स्कंधावर एकनाथांनीं आपली टीका काशीक्षेत्रीं शके १४९५ (इ. स. १५७३) मध्यें पुरी केली. महाराष्ट्रांतील कीर्तनकारांच्या हातीं ही यादी आली ती बव्हंशीं एकनाथी भागवत व ज्ञानेश्वरी या दोन ग्रंथांच्या द्वारें, असें आमचें मत आहे. नाट्यशास्त्र उघडून पाहणारा हरिदास विरळाच असावा.

ज्ञानेश्वरीची गोष्ट मात्र निराळी. शके १२१२ (इ. स. १२९०) च्या या ग्रंथांत हे भाव दोन ठिकाणीं ठळकपणें आले आहेत. अकराव्या अध्यायांत मूळ गीतेनें अर्जुनास हृष्टरोमा एवढेंच म्हटलें. टीकाकारानें तेवढ्या एका शब्दावर आठही भाव उभे केले, आणि ते एकमेकांशीं चढाओढ करूं लागल्याचें सांगितलें. येथें काव्याचा हात उघड दिसतो. पण नवव्या अध्यायाच्या अखेरीस जें आहे तें काव्यानें उलगडत नाहीं. तेथें गीतेंत संजयाच्या अवस्थेविषयीं एक अक्षरही नाहीं. संजय आपला रोमहर्ष सांगतो तो थेट अठराव्यांत. ज्ञानेश्वरांनीं तो प्रसंग नवव्यांत स्वतः रचून घातला आहे. संजय कथा सांगतो आहे, समोर धृतराष्ट्र बसला आहे, आणि तो म्हातारा पुराच्या पाण्यांत बसून राहिलेल्या म्हशासारखा ढिम्म हालत नाहीं. इकडे संजयाचें चित्त चकित होतें, वाचा जागच्या जागीं पांगळते, डोळे अर्धे मिटून पाण्यानें भरतात, अंगास कांप सुटतो. तो भान हरपण्याच्या बेतांत असतांना पुढील संवाद कानीं पडून त्यास देहाची आठवण येते. मग तो डोळे पुसतो, अंगावरील घाम पुसतो, आणि राजास म्हणतो, आतां लक्ष द्या.

हा घाम पुसणारा संजय आम्हांस फार महत्त्वाचा वाटतो. शास्त्रांतील यादींत घाम येतो, पण तो कोणी पुसत नाहीं. ज्यानें कथेच्या बैठकीत वक्त्यास असा सांवरतांना पाहिलें आहे, किंवा जो स्वतः तसा सांवरला आहे, त्याच्याच लेखणींतून ही खूण उतरावी. आणि त्याच सभेंत तेच शब्द ऐकून कोरडा राहिलेला श्रोता टीकाकारानें मुद्दाम शेजारीं बसविला आहे. नेवाशाच्या श्रोतृमंडळींत असे दोन्ही प्रकारचे लोक बसत असतील, असें अनुमान करण्यास हरकत दिसत नाहीं. पुरावा म्हणून मात्र आम्ही तें पुढें करीत नाहीं.

खरा भाव आणि दिखाऊ भाव यांची छाननी जुन्या लोकांनीं केली नव्हती असें कोणीं समजूं नये. सर्वांत बारीक छाननी गौडीय संप्रदायांत झाली. रूप गोस्वामींनीं इ. स. १५४१ मध्यें पुरा केलेल्या भक्तिरसामृतसिंधूंत सात्त्विक भावांच्या धूमायित, ज्वलित, दीप्त, उद्दीप्त अशा पायऱ्या लाविल्या असून त्यांखालीं सात्त्विकाभास म्हणून एक वेगळें प्रकरणच केलें आहे. ज्यांचें मन स्वभावतः निसरडें आहे किंवा ज्यांनीं सवयीनें अश्रु आणण्याचा सराव केला आहे, त्यांचे भाव निःसत्त्व, असा त्यांचा निवाडा. चैतन्यदेव (इ. स. १४८६–१५३४) दक्षिणयात्रेंत पंढरपुरास आले होते असें कृष्णदास कविराजांच्या चैतन्यचरितामृतांत आहे, तेथें त्यांस आपले संन्यस्त वडील बंधु त्याच क्षेत्रीं निवर्तल्याचें श्रीरंगपुरींकडून कळलें. एवढ्यावरून व तुकोबांच्या गुरुपरंपरेंतील राघवचैतन्य, केशवचैतन्य या नांवांवरून वारकरी कीर्तनाचा उगम बंगालकडे ओढण्याचा जो यत्न झाला, तो आम्हांस मान्य नाहीं. नामसादृश्य हा पुरावा नव्हे. नामदेवांचें कीर्तन चैतन्यांच्या जन्मापूर्वीं शंभराहून अधिक वर्षे महाराष्ट्रांत नांदत होतें.

आपल्याकडे अशी शास्त्रीय प्रतवारी झाली नाहीं, पण इशारा आहे. समर्थांनीं दासबोधाच्या चौदाव्या दशकांत कीर्तन व हरिकथा यांचीं लक्षणें सांगतांना गायनकळेंत गुंतून देव बाजूस राहण्याचा धोका स्पष्ट दाखविला आहे. भाव उत्पन्न करणारें साधनच भावाच्या आड येतें, हें त्यांनीं ओळखलें होतें.

आतां बहिणाबाईकडे वळूं. तिचा जन्म शके १५५० (इ. स. १६२८) मध्यें वेरुळाजवळील देवगांवीं, व मृत्यु शके १६२२ (इ. स. १७००) मध्यें. पति गंगाधरपंत पाठक हे वयानें तिच्याहून पुष्कळच मोठे, वैदिक वृत्तीचे, कोपिष्ट. कर्जापायीं घर सोडून हें कुटुंब फिरत फिरत कोल्हापुरास आलें. तेथें एका ब्राह्मणाच्या घरीं आश्रय मिळाला, दान आलेली एक गाय व तिचें वासरूं लाभलें, आणि जयराम स्वामींच्या कथा ऐकूं येऊं लागल्या. वासरास मुलीचा व मुलीस वासराचा इतका लळा कीं, तें कथेसही तिच्याबरोबर जाई. एके दिवशीं गर्दीमुळें वासरूं बाहेर काढलें गेलें. तें हंबरूं लागलें, ती रडूं लागली. स्वामींनीं चौकशी करून वासरूं आंत आणविलें व दोघांच्याही मस्तकावरून हात फिरविला. ही वार्ता गांवांत फुटून पतीच्या कानीं गेली. त्यानें अकरा वर्षांच्या त्या मुलीस बेदम मारलें. पुढें थोड्याच दिवसांत वासरूं मेलें. ती बेशुद्ध पडली, कित्येक दिवस तशीच राहिली, आणि शुद्धीवर आल्यावर तिला तुकोबांचा स्वप्नानुग्रह झाला. त्याची तिथि ती सांगते, वारही सांगते: कार्तिक वद्य पंचमी, रविवार.

येथें आठ भावांची यादी कोठें आहे? कोठेंच नाहीं. प्रलय आहे, पण तो कथेंत टाळांच्या गजरांत आलेला नाहीं. तो एका मुक्या प्राण्याच्या मरणानें आलेला आहे. कथेंत ऐकलेल्या अभंगांनीं जें मन आधींच हळुवार झालें होतें तें येथें फुटलें. सजवून लिहिणाऱ्यानें हा क्रम लाविला नसता. त्यानें मूर्च्छा कीर्तनांत घातली असती आणि मार वगळला असता. बहिणाबाईनें पतीची बाजूही दाबून ठेविलेली नाहीं. बायकोस पाहण्यास लोक जमतात, आपल्यास कोणी विचारीत नाहीं, शूद्राचा अनुग्रह घेतला म्हणून आपली अब्रू गेली, अशी त्याची तक्रार तिनें स्वतःच्या अभंगांत त्याच्या तोंडून मांडली आहे. प्रतिपक्षाचें म्हणणें जेथें ग्रंथकर्ता आपण होऊन नोंदतो, तेथें त्याच्या इतर सांगण्यासही वजन येतें, हा नियम बखरीस लावतां तसा अभंगासही लावावा. बाईच्या मनांतील गोष्ट म्हणून तिचें मोल कमी धरण्याची जी चाल आहे ती संशोधनाची नव्हे. जस्टिन अ‍ॅबट यांनीं १९२९ मध्यें तिचें आत्मवृत्त इंग्रजींत आणलें, तेव्हां कांहीं विद्वानांस तिची ओळख त्या वाटेनें झाली, हें आमच्याकडील दुर्लक्षाचें एक गमक होय.

तुकोबांनींही आपल्या स्वप्नोपदेशाची तिथि व वार दिला आहे: माघ शुद्ध दशमी, गुरुवार. स्वप्नास तिथिवार लावून ठेवणें ही गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. जन्म, लग्न, कर्जरोखा यांस लोक तिथि लावतात. या दोघांनीं ती ध्यानांत घडलेल्या गोष्टीस लाविली. पण तुकोबांच्या गाथेंत याहूनही बळकट साक्ष आम्हांस वाटते ती उलट्या अंगाची. कितीएक अभंगांत ते म्हणतात कीं आपणांस अनुभव नाहीं, लोक पायां पडतात याची लाज वाटते, ऐकलेलें बोलतों. आलेल्या भावाचें वर्णन संकेतानें करितां येतें. न आलेल्या भावाची कबुली देण्यास त्या काळीं कोणताही संकेत नव्हता. रा. द. रानडे यांनीं १९३३ च्या आपल्या ग्रंथांत संतांचे तेज, नाद इत्यादि अनुभव मोठ्या आस्थेनें एकत्र केले, त्याचें ऋण सर्वांवर आहे. तथापि त्यांचा भर पूर्ण अनुभवावर होता. शुष्क दिवसांच्या अभंगांस इतिहासकारानें त्याहून अधिक जागा द्यावी, असें आम्हांस नम्रपणें वाटतें.

महीपतीचें (इ. स. १७१५–१७९०) प्रकरण थोडक्यांत आटपतों. भक्तविजय शके १६८४ चा, भक्तलीलामृत शके १६९६ चें; म्हणजे तुकोबांनंतर शतकाहून अधिक काळ लोटला होता. ताहाराबादचा हा कुळकर्णी स्वतः कीर्तनकार. त्याच्या पोथींत अष्टभाव आले म्हणजे तुकोबांच्या सभेंत काय घडलें हें कळत नाहीं. महीपतीच्या सभेंत काय अपेक्षित होतें, हें कळतें. गोरा कुंभार भजनाच्या तंद्रींत चिखलाबरोबर आपलें मूल तुडवितो, ती कथा ऐकून श्रोत्यांतील आयाबाया रडत असणार, आणि तें रडणें हवें म्हणूनच ती कथा तेथें आहे. अठराव्या शतकासाठीं ही साक्ष उत्तम, सतराव्यासाठीं दुय्यम.

शेवटीं संग्राहक मित्रांसाठीं दोन शब्द. पोथी ही वाचण्यासाठीं. बाड हें उभें राहून गाण्यासाठीं. लांबट कागद, अरुंद बाजूस शिवण, एका संताचा अभंग, त्यास जोड म्हणून दुसऱ्याची ओवी, कोठें चालीचें नांव, कोठें ध्रुपदाची खूण, मध्येंच घरखर्चाची नोंद, असें त्याचें रूप असतें. ख्रिश्चन नोव्हेत्झके यांनीं २००८ मध्यें नामदेवांवरील आपल्या ग्रंथांत बाडांचें हें प्रयोगनिष्ठ स्वरूप चांगलें उकललें आहे. आमच्या संग्राहकांत मात्र अजून एक खोड आहे: बाडांतून अप्रसिद्ध पद तेवढें उतरून घ्यावयाचें, आणि क्रम, चाली, समासांतील खुणा हें सर्व निरुपयोगी म्हणून सोडावयाचें. वास्तविक कोणत्या अभंगामागून कोणता घेतला, कोठें चाल बदलली, कोणतें कडवें पुनः पुनः गाण्यासाठीं खुणावून ठेविलें, यावरूनच त्या हरिदासानें सभा कोठें नेऊन द्रवविली तें कळावयाचें. ज्या पानाचा कोपरा बोटांनीं झिजून काळा पडला आहे, तें पान पदाच्या प्रसिद्धाप्रसिद्धतेहून निराळें कांहीं सांगत असतें. १८६९ व १८७३ मध्यें सरकारी साह्यानें निघालेली तुकोबांची गाथा, किंवा संताजी जगनाड्यांच्या वहीवरून वि. ल. भावे यांनीं छापलेले अभंग, यांच्या पाठभेदांवर पुष्कळ लिहिलें गेलें. त्याच अभंगांच्या बाडांतील क्रमावर जवळजवळ कांहींच नाहीं. ज्यांच्या संग्रहीं कीर्तनाचीं बाडें आहेत त्यांनीं तीं सुटीं करून पदवार लावूं नयेत, शिवण उसवूं नये, आणि नक्कल करावयाची तर पानाच्या क्रमानेंच, घरखर्चाच्या नोंदीसकट करावी.