हेमंतातील गाणगापूर

कलबुर्गीचा उन्हाळा अंग भाजून काढणारा. म्हणून यात्रेकरूंना सुखाचा काळ हेमंताचा. मार्गशीर्ष पौर्णिमेला, दत्तजयंतीस, भीमा-अमरजेच्या संगमावरील गाणगापूर माणसांनी फुलून जाते. त्यांत मराठी भाविकांचा भरणा मोठा. संगमस्नान, निर्गुण पादुकांचे दर्शन आणि दुपारची माधुकरी हा त्यांचा परिपाठ.

श्रीनृसिंहसरस्वती येथे राहिले ते पंधराव्या शतकात. तेव्हा सत्ता बहामनींची होती; १३४७ साली कलबुर्गीस मांडलेले त्यांचे तख्त पुढे बिदरला गेले. बिदरचा मुसलमान राजा स्फोटकाने पीडित होऊन स्वामींना शरण आला, तो पूर्वजन्मीचा त्यांचाच परीट भक्त होता, असे ‘गुरुचरित्र’ सांगते. या कथेला इतिहासाचा पुरावा मागणे सोपे आहे. परंतु राजा आणि संन्यासी यांच्यामध्ये धर्माची भिंत नसावी, ही लोकमनाची आस तीत स्पष्ट उमटली आहे, आणि तीही इतिहासच होय.

शिवाय या मराठी ग्रंथाचे कर्ते सरस्वती गंगाधर यांची मातृभाषा कानडी! १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचना झाली आणि गाणगापूर म्हैसूर राज्यात गेले. सीमा आखली गेली. वारी मात्र चालूच राहिली.