मिश्रकापासून चिकित्सालयीन औषधनिर्मात्यापर्यंत: वाशिमच्या रुग्णालयीन औषधव्यवस्थेचा इतिहास

वाशिम परिसराच्या आरोग्याचा इतिहास लिहिताना साथी, दुष्काळ आणि डॉक्टर यांच्याकडे सहज लक्ष जाते. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून औषध सिद्ध करून ते रुग्णाच्या हाती देणाऱ्या माणसाचे काम मात्र त्या इतिहासात फारसे नोंदले गेलेले नाही. या माणसाला आधी कंपाउंडर, शासकीय मराठीत मिश्रक आणि पुढे औषध निर्माण अधिकारी म्हटले गेले. अलीकडे त्यात चिकित्सालयीन औषधनिर्माता, म्हणजेच क्लिनिकल फार्मासिस्ट, या नावाची भर पडली असून, रुग्णाच्या खाटेजवळ जाऊन त्याच्या सर्व औषधांचा एकत्रित विचार करणे आणि मात्रा, परस्परविरोध व दुष्परिणाम यांवर लक्ष ठेवणे हे त्याचे काम सांगितले जाते. हे काम सर्वस्वी नवे समजण्याचे कारण नाही. जुन्या मिश्रकाच्या विद्येतच त्याचे मूळ होते आणि मधल्या काही दशकांत ते साठ्याच्या हिशेबाखाली झाकले गेले, असे या प्रदेशाच्या इतिहासावरून दिसते.

औषध सांगणारा आणि औषध बनवणारा या दोन वेगळ्या व्यक्ती असाव्यात, हा विचार युरोपात 13व्या शतकात सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकच्या कायद्याने रूढ झाला. वऱ्हाडात मात्र वैद्य स्वतःच मुळ्या आणून काढे व चूर्णे तयार करीत असे, त्यामुळे अशी विभागणी प्रथम आली ती इंग्रजी दवाखान्याबरोबरच. 1853 च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिला. पुढे वऱ्हाडाच्या सहा जिल्ह्यांपैकी एकाचे मुख्य ठिकाण म्हणून वाशिमला, तेव्हाच्या इंग्रजी कागदपत्रांतील ‘बासिम’ला, जिल्ह्याच्या कचेरीबरोबर दवाखानाही लाभला. 1905 मध्ये हा जिल्हा मोडला आणि वाशिम व मंगरूळ हे तालुके अकोल्याला जोडले गेले. त्यानंतर 1 जुलै 1998 रोजी वाशिम पुन्हा स्वतंत्र जिल्हा होईपर्यंत, म्हणजे जवळजवळ 93 वर्षे, येथील दवाखान्यांचा वरिष्ठ कारभार अकोल्याहून चालला. खांडवा-पूर्णा लोहमार्ग वाशिमवरून जाऊ लागला तोही 1960 च्या सुमारास, त्यामुळे त्याआधी अकोल्याच्या स्थानकावर उतरलेला माल सुमारे 80 किलोमीटरच्या सडकेनेच इकडे यावा लागे. संपलेले औषध पुन्हा केव्हा येईल याची चिंता करणे हा अशा दवाखान्यातील औषध देणाऱ्याच्या कामाचा भागच होता, हे या भूगोलावरून समजते.

त्या काळातील औषध तयार स्वरूपात येत नसे, आणि या व्यवसायाचे खरे कौशल्य येथेच दिसते. मिश्रकापुढे तराजू, खल, मोजपेला आणि टिंक्चरच्या, म्हणजे मद्यार्कात उतरवलेल्या वनस्पतिजन्य अर्काच्या, बाटल्या असत. वजन ग्रेनमध्ये केले जाई. एक ग्रेन म्हणजे सुमारे 65 मिलिग्रॅम. द्रवासाठी मिनिम, ड्राम आणि औंस ही मापे होती, ज्यांत 60 मिनिमांचा ड्राम आणि 8 ड्रामांचा औंस होई. रुग्ण घरून धुतलेली बाटली आणी, मिश्रक तीत औषध ओतून बाहेरून कातरलेल्या कडांची कागदी पट्टी डकवी आणि प्रत्येक खाचेपर्यंत एक मात्रा, असा हिशेब समजावून देई. अक्षरओळख नसलेल्या शेतमजुरालाही आपली मात्रा अचूक घेता यावी, यासाठी याहून स्वस्त आणि सोपे साधन क्वचितच कोणी शोधले असेल. कोरडी औषधे पुड्यांतून दिली जात, आणि प्रत्येक पुडीत सारखेच वजन भरणे हे हाताला वर्षानुवर्षे लावलेले वळण होते.

या कामाचा सर्वांत अवघड भाग म्हणजे असंगती, अर्थात एकत्र आल्यावर परस्परांना निकामी किंवा घातक करणाऱ्या द्रव्यांचे ज्ञान. हिवतापावरील क्विनीन सल्फेट पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणून ते सौम्य आम्लात विरघळवावे लागे. त्याच मिश्रणात अल्कली पडली की क्विनीन साक्याच्या रूपाने तळाशी बसे. अशी बाटली न हलवता घेतली तर आरंभीच्या मात्रा निरुपयोगी ठरत आणि शेवटच्या घोटात बराच काळ साठलेले औषध एकदम पोटात जाई. स्ट्रिक्नीन आणि ब्रोमाइड यांच्या मिश्रणात तर हा शेवटचा घोट प्राणघातक ठरू शके. म्हणून चिठ्ठी हाती येताच ती वाचून, शंका आल्यास बाटली भरण्याआधी डॉक्टरांकडे परत जाणे हे मिश्रकाचे कर्तव्य होते. वरवर हाताच्या वाटणाऱ्या या कामात डॉक्टरांच्या लेखनाची दुसऱ्या डोळ्यांनी केलेली तपासणी दडलेली होती, आणि रुग्णाच्या दृष्टीने तिचे मोल मिश्रणाहून अधिक होते.

एवढ्या जबाबदारीच्या कामाला कायद्याचा आधार मात्र उशिरा मिळाला. कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखालील समितीने 1931 मध्ये औषधांची भेसळ आणि अप्रशिक्षित हातांनी होणारे वाटप यांवर बोट ठेवले. 1940 मध्ये औषधांचा कायदा झाला, तर औषधव्यवसायाचा कायदा व्हायला 1948 उजाडले. या दुसऱ्या कायद्याने राज्यवार नोंदणी सुरू केली आणि पहिल्या नोंदवहीत, पदविका नसली तरी, किमान पाच वर्षे दवाखान्यात औषधे सिद्ध केलेल्या कंपाउंडरांनाही स्थान दिले. ही तरतूद न्याय्यच म्हटली पाहिजे, कारण लहान गावांतील दवाखाने याच माणसांच्या अनुभवावर उभे होते. नोंदणी अशी राज्यवार असताना पुढच्या बारा वर्षांत वाशिम मात्र मध्यप्रांत-वऱ्हाड, मध्य प्रदेश, द्विभाषिक मुंबई आणि अखेर महाराष्ट्र अशा चार कारभारांखाली आले.

1960 नंतर कारखान्यात बनलेल्या गोळ्या, कॅप्सूल आणि इंजेक्शने यांनी मिश्रणाची जागा घेतली. 1962 मध्ये जिल्हा परिषदा स्थापन झाल्यावर प्राथमिक आरोग्य केंद्रे त्यांच्याकडे गेली. तेथील औषधनिर्मात्याचा दिवस मागणीपत्र, साठा नोंदवही, मुदतबाह्य औषधांची यादी आणि लेखापरीक्षण यांत जाऊ लागला. हिशेब आवश्यक होता यात शंका नाही. तथापि या माणसाचे मूल्यमापन केवळ पेट्यांच्या संख्येवरून होऊ लागल्याने चिठ्ठी तपासण्याची जुनी जबाबदारी कोणाच्याच कामाच्या यादीत उरली नाही, आणि ही हानी मोठी होती. 1986 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायएथिलीन ग्लायकॉल या विषारी द्रव्याने दूषित झालेले ग्लिसरॉल दिले जाऊन 14 रुग्ण दगावले, आणि न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने औषधखरेदीपासून तपासणीपर्यंतची साखळी कशी सडली होती ते उघड केले. कागदावर आलेला माल आणि रुग्णाच्या शरीरात जाणारे औषध यांच्यामध्ये जाणकार माणूस उभा नसेल तर काय घडते, याचा महाराष्ट्रातील हा सर्वांत वेदनादायक पुरावा आहे.

औषधनिर्मात्याला खिडकीतून वॉर्डात नेण्याचा प्रयोग 1966 मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रुग्णालयात झाला. भारतात सहा वर्षांचा फार्म. डी. अभ्यासक्रम 2008 मध्ये सुरू झाला आणि औषधव्यवसायाचे नियम 2015 मध्ये आले, ज्यांत रुग्णाचे समुपदेशन हे औषधनिर्मात्याचे कर्तव्य म्हणून नोंदवले गेले. त्याआधी 2010 मध्ये दुष्परिणामांची राष्ट्रीय नोंद ठेवणारा कार्यक्रमही सुरू झाला होता. चिकित्सालयीन औषधनिर्मात्याचा दिवस केसपेपर वाचण्यापासून सुरू होतो. रुग्ण आधी कोणती औषधे घेत होता, मूत्रपिंड दुबळे असेल तर जेंटामायसिनची मात्रा कमी केली आहे का, लोहाच्या गोळीबरोबर सिप्रोफ्लॉक्सॅसिन दिल्याने ते आतड्यात अडकून राहील का, क्षयावरील रिफाम्पिसिनमुळे मधुमेहाच्या किंवा रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा परिणाम घटला का, हे तो पाहतो. सेफ्ट्रिअॅक्सोन आणि कॅल्शियमयुक्त रिंगर लॅक्टेट एकाच नळीतून दिल्यास साका बनतो आणि नवजात बाळांत तो प्राणावर बेततो, ही आजची दक्षता थेट क्विनीनच्या बाटलीची आठवण करून देते.

वाशिममध्ये या विद्येला शेतीच्या हंगामाचे वळण आहे. पावसाळ्यात कापूस-सोयाबीनच्या शेतात नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांचे दंश होतात, आणि फवारणीच्या दिवसांत कीटकनाशकांची विषबाधा झालेले रुग्ण येतात. शेजारच्या यवतमाळात 2017 मध्ये या विषबाधेने अनेक शेतकरी व शेतमजुरांचे बळी घेतले. अशा वेळी प्रतिसर्पविष आणि कीटकनाशकांच्या विषबाधेवरील अॅट्रोपीन भांडारात आहे एवढे पुरत नाही. द्रवरूप प्रतिसर्पविष 2 ते 8 अंशांत राहिले का, भुकटी नीट विरघळवली का, अॅट्रोपीनची मात्रा फुप्फुसांतील स्राव आटेपर्यंत वाढवताना पुढच्या काही तासांचा साठा पुरेल का, हे प्रश्न त्या क्षणी सुटावे लागतात. मात्रा समजावताना भाषाही बदलावी लागते, कारण मानोरा तालुक्यातील पोहरादेवीच्या परिसरात बंजारा कुटुंबांची बोली गोरमाटी आहे. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क झाले, तेव्हापासून औषधाच्या खिडकीपुढील प्रत्येक रुग्णाला किती वेळ मिळतो हा प्रश्न अधिकच निकडीचा झाला आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये वाशिमला 100 जागांच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन झाले. वॉर्डातील फेरीत औषधनिर्मात्याला डॉक्टरांच्या बरोबरीने स्थान मिळायचे असेल, तर या महाविद्यालयाच्या रुग्णालयात साठा सांभाळणाऱ्या पदांपासून वेगळी, केवळ रुग्णांच्या औषधांकडे पाहणारी पदे मंजूर व्हावी लागतील.