नदीकाठचे माप

शहरांचा इतिहास राजवाडे, किल्ले आणि देवालये यांच्या आधारे लिहिण्याची आपल्याकडे जुनी चाल आहे. परंतु व्यापारावर वाढलेल्या शहराची खरी बखर वाचावयाची असेल, तर त्याच्या धक्क्यांवरच गेले पाहिजे. पाण्याकाठची जमीन कोणाच्या हाती होती, तिच्यावर कोण राबले, आणि तिला भाव आल्यावर तो कोणाच्या पदरात पडला, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली की त्या शहराचा स्वभाव कळून येतो. या दृष्टीने न्यूयॉर्क शहरातील विल्यम्सबर्ग या वस्तीची कथा आम्हांस मोठी बोधप्रद वाटते.

विल्यम्सबर्ग ही ब्रुकलिनमधील वस्ती मॅनहॅटन बेटाच्या समोर, ईस्ट रिव्हरच्या काठी आहे. नाव नदीचे असले तरी वस्तुतः ती समुद्राची अरुंद सामुद्रधुनी होय. तिला भरतीओहोटी आहे, आणि काठालगत पाणी खोल असल्याने जहाजे थेट धक्क्याला लागत. 1855 साली हे गाव ब्रुकलिनमध्ये सामील झाले आणि पुढच्याच वर्षी हॅवमायर घराण्याने तेथे साखर शुद्ध करण्याचा कारखाना काढला. 1882 साली तो आगीत भस्मसात झाला. परंतु त्याच जागी विटांची प्रचंड इमारत लवकरच उभी राहिली. ‘शर्करा’ हा आपला शब्द अरबांच्या मुखातून युरोपात गेला आणि तेथून अमेरिकेत पोहोचला. त्या शब्दाचा पदार्थ मात्र कॅरिबियन बेटांवर गुलामांच्या व पुढे अल्पवेतनी मजुरांच्या घामातून निघे आणि या धक्क्यावर येऊन शुभ्र होई. 1870 च्या सुमारास अमेरिकेत खपणाऱ्या साखरेपैकी निम्म्याहून अधिक साखर एकट्या ब्रुकलिनमध्ये शुद्ध होत असे.

1887 साली अनेक कारखाने एकत्र करून साखरेचा मक्तेदार संघ निर्माण झाला. या संघाच्या नीतीचा एक मासला इतिहासाने जपून ठेवला आहे. 1907 साली जकात खात्याच्या लोकांना विल्यम्सबर्गच्या धक्क्यावरील वजनकाट्यांत काही गोम आढळली. काट्याच्या खांबाला बारीक भोक पाडून त्यातून एक स्प्रिंग आत सरकवण्याची युक्ती केलेली होती. त्यामुळे येणाऱ्या कच्च्या साखरेचे वजन कमी भरे आणि जकात बुडे. प्रकरण उघडकीस आल्यावर कंपनीला 20 लाख डॉलरांहून अधिक रक्कम सरकारात भरावी लागली. मालाची किंमत जितकी मालावर, तितकीच काटा कोणाच्या हाती आहे यावरही अवलंबून असते, हे तत्त्व या धक्क्याने अशा रीतीने लवकरच शिकविले. पुढील कथा वाचताना वाचकांनी ते ध्यानात ठेवावे.

1903 साली विल्यम्सबर्गचा पूल खुला झाला आणि मॅनहॅटनच्या गजबजलेल्या चाळींतून ज्यू कुटुंबे येथे येऊ लागली. इटालियन व पोलिश लोकही येथे वसले. दुसऱ्या महायुद्धानंतर पोर्टो रिको बेटावरून फार मोठ्या संख्येने लोक आले आणि वस्तीच्या दक्षिण भागाला ‘लोस सुरेस’ हे स्पॅनिश नाव पडले. पूर्वी साखर ज्या बेटांवरून येई, त्यांपैकीच एकाची माणसे आता साखरेच्या कारखान्याच्या छायेत राहू लागली.

मग वाईट दिवस आले. कारखाने एकामागून एक बंद पडले. मालकांनी इमारती वाऱ्यावर सोडल्या. आगी लागू लागल्या. 1975 साली शहराची तिजोरी रिकामी झाली, तेव्हा म्युनिसिपालिटीने येथील अग्निशामक ठाणेच बंद करण्याचे ठरविले. लाकडी घरांच्या त्या वस्तीला हा जवळजवळ मृत्युदंडच होता. रहिवाशांनी ठाण्यात शिरून त्याचा ताबा घेतला, बायकामुलांसह तेथे मुक्काम ठोकला आणि वर्षाहून अधिक काळ तो सोडला नाही. अखेर म्युनिसिपालिटीला ते ठाणे पुन्हा सुरू करावे लागले. दक्षिण भागातील रहिवाशांनी तर 1972 पासूनच आपली संस्था स्थापून टाकून दिलेल्या इमारती सावरण्याचे काम हाती घेतले होते. ज्या जागेला कोणी विचारीत नव्हते, ती या गरिबांनी राहती ठेवली. आमच्या मते तिच्या पुढील वैभवाचा पाया घातला गेला तो येथेच. हिशेबाच्या वहीत मात्र त्याची नोंद कोठेही नाही.

स्वस्त जागेच्या शोधात चित्रकार व वादक रिकाम्या कारखान्यांत राहावयास आले. त्यांच्यामागून उपाहारगृहे आली, आणि उपाहारगृहांमागून घरांचे दलाल. साखरेच्या कारखान्यात 1999 च्या जूनमध्ये सुरू झालेला कामगारांचा संप वीस महिने चालून फसला; 2004 साली तेथील शुद्धीकरणच थांबले. 2005 च्या मे महिन्यात शहराने नदीकाठाचे नियम बदलले. जेथे पूर्वी केवळ कारखान्यांना मुभा होती, तेथे चाळीस मजल्यांपर्यंत निवासी मनोरे बांधण्याची परवानगी मिळाली.

या नियमांची रचना बारकाईने पाहण्याजोगी आहे. मनोऱ्यांची परवानगी तत्काळ होती. गरिबांसाठी माफक भाड्याची घरे बांधणे मात्र ऐच्छिक होते. जो बांधील त्याला अधिक उंची मिळावयाची. आणि 28 एकरांच्या सार्वजनिक उद्यानाचे केवळ आश्वासन होते, कारण त्याची बरीच जमीन शहराने अद्याप विकत घ्यावयाची होती! परिणाम व्हावयाचा तोच झाला. नव्या नियमांनी जमिनीचे भाव चढले आणि म्युनिसिपालिटीला आपणच चढविलेल्या भावाने उद्यानाची जमीन घेण्याची पाळी आली. काचेचे मनोरे काही वर्षांतच उभे राहून त्यांतील सदनिका विक्रीस निघाल्या. उद्यानाच्या जमिनीचा अखेरचा मोठा तुकडा मात्र 2017 साली, 16 कोटी डॉलर मोजल्यावर, शहराच्या हाती आला. साखर कारखान्याच्या जमिनीची गोष्टही तशीच. 2004 साली ती सुमारे साडेपाच कोटी डॉलरांना विकली गेली होती. 2012 साली तिलाच 18 कोटी 50 लाख डॉलर आले. मधल्या आठ वर्षांत तेथे साखरेचा एक कण तयार झाला नव्हता की एकही नवे घर उभे राहिले नव्हते. बदलला होता तो केवळ कागद.

न्यायबुद्धीने दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कारखान्यांच्या काळात हा किनारा कुंपणांनी बंद होता आणि सामान्य माणसास पाण्याचे दर्शनही दुर्लभ होते. नव्या मालकाशी 2014 साली घासाघीस करून शहराने माफक भाड्याची 700 घरे मान्य करवून घेतली. 2018 साली कारखान्यासमोरचे उद्यान सर्वांस खुले झाले, आणि तेथे जुन्या याऱ्या व पाकाच्या टाक्याही जपल्या आहेत. जे करारात आधी लिहिले गेले ते मिळाले. जे आशेवर सोडले ते लांबले. या कथेचे सार आम्हांस यातच दिसते.

हे वाचताना मुंबईच्या गिरणगावाची आठवण कोणास होणार नाही? तेथेही 1982 च्या संपानंतर गिरण्या थंडावल्या. 1991 च्या नियमाने त्यांच्या जमिनीचे वाटे ठरले होते. एक मोकळ्या जागेसाठी, एक सार्वजनिक घरांसाठी, एक मालकासाठी. 2001 च्या दुरुस्तीने ही वाटणी ‘रिकाम्या’ जमिनीपुरतीच उरली, आणि गिरण्यांच्या इमारतींखालची जमीन हिशेबातून निसटली. 2006 साली सर्वोच्च न्यायालयानेही ती दुरुस्ती कायम केली. एका शब्दाने शहराची मैदाने आक्रसली. जकातीच्या काट्यातील ती बारीक स्प्रिंग याहून मोठी नव्हती.

शहरे बदलणारच, जुने धक्के जसेच्या तसे राहावेत असा हट्ट आम्ही धरीत नाही. आमचे म्हणणे इतकेच की, ज्यांनी पडत्या काळात वस्ती सांभाळली त्यांचा वाटा भाव चढण्यापूर्वी, स्पष्ट शब्दांत आणि सक्तीने बाजूला काढावयास हवा. भाव चढल्यावर केलेले औदार्य महाग पडते, आणि बहुधा ते होतच नाही.